नवरात्रात अकराला आलेलं चालतं, मग एरवी का नाही?

सुरसागरकाठची | 3 सप्टेंबर, रात्री 10:52

मंडळी, एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर पडीक असते. आज ऑफिसचं गाऱ्हाणं घेऊन आलेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं इंजिनिअरिंग डिझाइनचं ऑफिस आहे, बडोद्यात अलकापुरीच्या पलीकडे. केमिकल प्लँटची ड्रॉइंग्ज करतो. माझ्या हाताखाली अकरा जण. त्यातला एक मुलगा, त्याला इथे 'चेकर' म्हणू, तीन वर्षांपासून आहे. कानाला हेडफोन, मान खाली. चार वाजता सगळे खाली टपरीवर जातात, हा जात नाही. कोणाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवतो, केकचा तुकडा घेतो आणि जागेवर परत. फोन उचलत नाही, मेल करा म्हणतो. तोंडी काम सांगितलं की चेहरा कोरा. तेच चार ओळींत लिहून दिलं की संध्याकाळपर्यंत काम तयार, आणि वर माझ्या चार ओळींतल्या दोन चुका काढलेल्या.

जूनमधली गोष्ट. एका उभ्या व्हेसलचं, म्हणजे प्लँटमधल्या मोठ्या टाकीचं, ड्रॉइंग क्लायंटकडे जायचं होतं. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर आठ जणांनी ते पाहिलं, मीही पाहिलं, 'ओके' म्हणून पुढच्या शीटवर गेलो. संध्याकाळी साडेसातला याचा मेल. एन-4 नोझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, आमच्या ड्रॉइंगमध्ये 90 अंशांवर, पायपिंगवाल्यांच्या प्लॅनमध्ये 270 वर. भोवती लाल ढग काढलेला, बाकी एक शब्द नाही. तसंच फॅब्रिकेशनला गेलं असतं तर व्हेसल उभं केल्यावर नोझल भिंतीकडे तोंड करून बसलं असतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, अरे, मीटिंगमध्ये का नाही बोललास? म्हणाला, "बोलणार होतो. तुम्ही पुढच्या शीटवर गेलात."

आता माझी चूक. अप्रेझलमध्ये आमच्याकडे 'टीम स्पिरिट' असा एक रकाना आहे. सगळ्यांना चार-चार देऊ नका, कोणीतरी खाली पाहिजे, असा एचआरचा निरोप होता. मी त्याला पाचापैकी दोन दिले. का, तर तो चहाला येत नाही. दुसरं कारण मला आज शोधूनही सापडत नाही. त्याची पगारवाढ त्या दोनापायी कापली गेली. गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, अर्थात लिहूनच: "टीम स्पिरिटमध्ये तीन मिळण्यासाठी मी नक्की काय करायला हवं होतं?" त्या मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

त्यात काल एमडी साहेबांचं दरवर्षीचं परिपत्रक आलं. नवरात्राचे नऊ दिवस ऑफिस अकराला. बडोद्यात याचं कोणाला नवल नाही, साहेब स्वतः रात्री बारापर्यंत गरब्याच्या मैदानात असतात. त्या नऊ दिवसांत एखादं ड्रॉइंग उशिरा गेल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणजे वेळ इकडेतिकडे केली तरी काम अडत नाही, हे आम्ही दरवर्षी स्वतःच करून बघतो. पण ती सवलत गरबा आवडणाऱ्यांची. ज्याला गोंगाट सोसत नाही त्यानं काही मागितलं की ते 'पॉलिसीत बसत नाही'.

तुमच्याकडे अशी माणसं आहेत का? त्यांच्याबरोबर काम कसं जमवता? तत्त्वज्ञान नको, प्रत्यक्ष काय केलं ते सांगा.

वाचनमात्र | 3 सप्टेंबर, रात्री 11:20

आमच्याकडे परिपत्रक निघत नाही, पण दसऱ्यापर्यंत साडेदहाच्या आत कोणी फिरकत नाही. वाचतेय.

पुण्यातला_बडोदेकर | 4 सप्टेंबर, सकाळी 8:05

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणूसघाणेपणाला हल्ली नवीन नवीन नावं निघालीत. ऑफिस म्हणजे चार माणसांत मिसळणं आलंच. फोन उचलायचा नसेल तर घरी बसून क्रॉसवर्ड सोडवावं.

सुरसागरकाठची | 4 सप्टेंबर, सकाळी 8:31

क्रॉसवर्ड सोडवणारे आठ जण त्या मीटिंगमध्ये होते. नोझल त्यानंच पकडलं.

मकरपुरा_बी_शिफ्ट | 4 सप्टेंबर, रात्री 11:48

ताई, आत्ताच शिफ्ट संपवून आलो. तुमचं एसी ऑफिस आहे म्हणून अकरा काय नि नऊ काय. आमच्याकडे रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. नवरात्रातसुद्धा बी शिफ्ट तीन ते अकरा म्हणजे तीन ते अकरा. पोरं खिशात दांडिया घेऊन कामावर येतात आणि अकरा वाजता गेटमधून थेट मैदानात. त्यामुळे वेळेच्या सवलतीचं मला फारसं कौतुक नाही.

पण एक गोष्ट सांगतो. आमच्या पॅनेल शॉपमध्ये, विजेची पॅनेल बनतात तिथे, एक वायरमन आहे. वार्षिक मेडिकलला त्या ठिपक्याठिपक्यांच्या गोलातला आकडा त्याला वाचता येईना. लाल-हिरव्यातला फरक कळत नाही असं निघालं. आता पॅनेलमध्ये लाल म्हणजे आर फेज आणि हिरवी म्हणजे अर्थिंग. वरून ऑर्डर आली, याला पॅकिंगला टाका. आमचा सुपरवायझर जुना खोड. म्हणाला, सहा वर्षांत याचं एक कनेक्शन चुकलेलं नाही, ते कसं? जाऊन मागे उभा राहिला. तर हा गडी रंगाकडे बघतच नव्हता. वायरच्या टोकाला नंबरची छोटी नळी असते ना, फेरूल, ती वाचायची, ड्रॉइंगवरचा नंबर वाचायचा, मग लग, म्हणजे टोकाचं धातूचं टोपण, दाबायचा. बाकीचे रंग बघून झपझप करायचे आणि फेरूल शेवटी, आठवण झाली तर.

सुपरवायझरनं नियमच काढला. दोन्ही टोकांना फेरूल घातल्याशिवाय कोणी लग दाबायचा नाही. झालं असं की टेस्टिंगला चुकांमुळे परत येणारी पॅनेल कमी झाली, आमच्या सगळ्यांची. शेडमधल्या त्या पिवळट दिव्याखाली निळी आणि काळी वायर आम्हालाही कुठे धड वेगळी दिसायची!

गोड गोड सगळं नाही. साइटवर जुन्या पॅनेलला फेरूल नसतात, तिथे त्याला एकट्याला पाठवत नाही. साइटचा भत्ता त्यामुळे बुडतो त्याचा. त्याबद्दल तो अजून कुरकुरतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

खंडेराव_मार्केट | 5 सप्टेंबर, सकाळी 7:15

बी शिफ्ट, तुमच्या सुपरवायझरला माझा नमस्कार सांगा. मागे जाऊन उभं राहणं, इतकंच तर करायचं असतं.

निवृत्त_कारकून | 5 सप्टेंबर, सकाळी 10:02

मी 34 वर्षे कचेरीत काढली. नियम एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असे झाले की कचेरीची धर्मशाळा होते. आज एकाला हेडफोन दिलात, उद्या दुसरा म्हणेल मला दुपारी झोपल्याशिवाय सुचत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या राज्यात असली थेरे चालली असती काय? शिस्त होती म्हणून बडोदे संस्थान नावारूपाला आले.

खंडेराव_मार्केट | 5 सप्टेंबर, सकाळी 10:40

काका, महाराजांचं नाव काढलंत, आता ऐका. 1875 साली कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा मुलगा. शेतकऱ्याच्या घरातला, अक्षरओळख नाही. दत्तक विधान झालं आणि गादीवर बसवलं. त्याला कोणी म्हणालं का, की राजपुत्रांची ठरलेली इयत्ता आहे, तीत बसलास तर बस? त्याच्यासाठी वेगळी शाळा काढली, शिक्षक म्हणून इलियट साहेबांना नेमलं, आणि सहा वर्षांत, 1881 च्या डिसेंबरात, कारभार त्याच्या हातात दिला. पुढे 1906 ला अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते याच मुलानं. शिस्त होतीच. पण आधी माणूस बघून शाळा बेतली होती.

निवृत्त_कारकून | 5 सप्टेंबर, दुपारी 12:30

इतिहास मला ठाऊक आहे. राजाची गोष्ट वेगळी, कारकुनाची वेगळी.

भायलीकर | 5 सप्टेंबर, दुपारी 12:44

काका, तीच तर तक्रार आहे ना! साहेबाला दुपारी झोप लागते तेव्हा केबिनचं दार लावून घेतात, शिपाई बाहेर 'मीटिंगमध्ये आहेत' सांगतो.

कायदेबाई | 6 सप्टेंबर, रात्री 9:10

थोडं कोरडं लिहिते, पण उपयोगी पडेल.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. आधीच्या 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी आहेत, मानसिक आजार आहे. एडीएचडी मात्र यादीत स्वतंत्रपणे नाही. प्रत्येक आस्थापनेनं, खासगीसुद्धा, समान संधीचं धोरण लिहून जाहीर करायचं असतं, ते कलम 21. वीस किंवा जास्त माणसं असतील तर ही बाजू सांभाळायला एक अधिकारी नेमायचा असतो. कायदा मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख. सुरसागरकाठची, तुमच्या कंपनीचं धोरण कुठे आहे ते एचआरला विचारा. बहुतेक ठिकाणी ते इंटरनेटवरून उतरवलेलं असतं आणि वर दुसऱ्याच शहराचं नाव राहिलेलं असतं. हसू नका, मी स्वतः पाहिलंय.

लोक म्हणतात, सर्टिफिकेट आणा मग बघू. चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांसाठी आहे. कामाच्या जागी करायच्या वाजवी सोयीला ती लागत नाही. 2021 साली सुप्रीम कोर्टापुढे लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचं एक प्रकरण आलं होतं. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक नाकारला होता, कारण टक्केवारीत बसत नाही. कोर्टानं सांगितलं की ती अट लेखनिकाला लावता येणार नाही. सोय कोणती हवी हे प्रत्येक माणसाप्रमाणे ठरवायचं, त्या माणसाशी बोलून.

आणि एक विनंती. तुमच्या 'चेकर'ला काय झालंय याचा इथे कोणी अंदाज बांधू नका. त्याला काहीही झालेलं नसेल. लिहून दे म्हणणं हा काही आजार नव्हे. कायदा कामाला लावायची वेळ न येता चार ओळी लिहून द्यायला कोणाची ना नाही.

पुण्यातला_बडोदेकर | 6 सप्टेंबर, रात्री 9:35

कायदा आला की गप्प बसतो मी.

अडखळता | 7 सप्टेंबर, रात्री 1:17

पहिल्यांदाच लिहितोय इथे. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एमएस युनिव्हर्सिटीतून शिकलो. मी तोतरा आहे. म्हणजे लिहिताना नाही, हे वाचून तुम्हाला कळलं नसतं.

रोज सकाळी आमची पंधरा मिनिटांची मीटिंग असते. गोलात उभं राहायचं, एकेकानं काल काय केलं, आज काय करणार ते सांगायचं. माझा नंबर सातवा. पहिल्या सहा जणांनी काय सांगितलं ते मला दोन वर्षांत एकदाही ऐकू आलेलं नाही. मी मनात माझं वाक्य फिरवत असतो. 'ब' वर अडतो, म्हणून 'बग' म्हणायचं टाळून 'इश्यू' म्हणतो. 'बुधवार' टाळून 'परवा' म्हणतो. एकदा त्यापायी तारीख चुकीची गेली, तो मंगळवार होता की सोमवार हेच मी विसरलो होतो. आणि स्वतःचं नाव तर बदलता येत नाही ना. नवीन क्लायंट आला की नावाशीच अडतो. समोरचा हसून म्हणतो, "नाव विसरलात की काय?"

मॅनेजरनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, तू बोलू नकोस, तुझं मी सांगत जाईन. चांगल्या मनानं सांगितलं. पण मग महिनाभरात माझ्या कामाचं श्रेय कोणाचं तेच कोणाला कळेना. मीच म्हटलं, हे नको. आता आम्ही सगळेच मीटिंगच्या आधी दोन ओळी चॅटवर टाकतो. मीटिंगमध्ये फक्त जिथे अडलंय तेवढंच बोलायचं. मी बोलतो, अडखळत बोलतो, वेळ लागतो. वाक्य कोणी पुरं करून देत नाही, तेवढं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पंधरा मिनिटांची मीटिंग आठवर आली, त्यामुळे मला दुवा देणारेही आहेत.

गंमत म्हणजे गरबा गाताना मी एकदाही अडत नाही. सोसायटीत आरती मीच म्हणतो.

वाचनमात्र | 7 सप्टेंबर, सकाळी 7:02

'परवा' वाचून पोटात कालवलं. लिहीत राहा.

मकरपुरा_बी_शिफ्ट | 7 सप्टेंबर, रात्री 11:55

भाऊ, या नवरात्रात तुमच्या सोसायटीत येतोच आरतीला. प्रसादाला काय असतं?

भायलीकर | 8 सप्टेंबर, सकाळी 9:00

प्रसाद राहू दे, आधी सेव उसळ कोणाची चांगली ते ठरवा.

सुरसागरकाठची | 8 सप्टेंबर, सकाळी 9:04

सेव उसळीला वेगळा धागा काढा, हात जोडते. मागच्या वेळी तीनशे प्रतिसाद झाले होते.

शेजारची_खुर्ची | 9 सप्टेंबर, दुपारी 2:26

सगळे 'चेकर'च्या बाजूनं लिहिताहेत, मी त्याच्या शेजारच्या खुर्चीबद्दल लिहिते. माझ्या शेजारी असाच एक होता. तो फोन उचलत नाही म्हणून त्याचे फोन मला. क्लायंट रागावला की ऐकून घ्यायचं मी. मीटिंगचं टिपण मी. नव्या पोराला समजावायचं मी. साहेब म्हणायचे, "तमने तो फावे छे, बेन." म्हणजे तुम्हाला जमतं. जमतं म्हणून सगळं माझ्याच गळ्यात! अप्रेझलला त्याचं काम दिसायचं, कारण त्यानं किती शीट तपासल्या ते मोजता येत होतं. माझे फोन कोण मोजतंय? वर मला त्याच्याबद्दल काही बोलायची सोय नाही, बोललं की मी दुष्ट.

त्याच्यावर माझा राग नाही. साहेबांवर आहे. एकाला मोकळीक द्यायची आणि तिचं बिल दुसऱ्याला न सांगता पाठवायचं, याला सोय म्हणू नका.

दोन_डब्यांची_आई | 9 सप्टेंबर, दुपारी 3:10

खुर्चीबाई, उलट्या बाजूनं सांगते. मी पाचला निघते, मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं. सकाळी आठला येते, म्हणजे तास पुरे. पण आठला मला बघायला कोणी नसतं आणि पाचला सगळे असतात. "चालल्या का? हाफ डे?" रोज. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची रजा सव्वीस आठवडे केली, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर द्यायचं लिहिलं. आमच्याकडे पटावर अठ्ठेचाळीस जण आहेत, बाकीचे कंत्राटदाराचे. हिशेब कळला ना? असो, डबा भरायचाय.

निवृत्त_कारकून | 10 सप्टेंबर, सकाळी 11:15

चार दिवस विचार करतो आहे. आमच्या आवक-जावक विभागात एक गृहस्थ होते, कानाने कमी ऐकू येणारे. त्यांचे टेबल दाराकडे तोंड करून ठेवलेले असे, कोणी आले की दिसावे म्हणून. त्यांच्याशी बोलायचे तर समोर जाऊन, ओठ दिसतील असे. नाही तर चिठ्ठी. ते टेबल तसे कोणी ठेवले, केव्हा ठेवले, मला ठाऊक नाही. मी लागलो तेव्हा तसेच होते. त्यासाठी कोणी परिपत्रक काढले नव्हते. त्यांच्या रजिस्टरमध्ये मात्र एक कागद हरवला नाही. ते निवृत्त झाल्यावर आम्ही टेबल पुन्हा भिंतीकडे फिरवले, कारण बाकी सगळी भिंतीकडे होती.

हेडफोनविषयी माझे मत कायम आहे.

सुरसागरकाठची | 18 सप्टेंबर, रात्री 10:20

उशीर झाला, सबमिशन होतं. काय काय झालं ते सांगते.

खुर्चीबाई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन बघितलं, चेकरचे फोन कोण घेतं. एक मुलगी घेत होती, दोन वर्षांची नोकरी. तिला विचारलं तर आधी म्हणाली, नाही हो, चालतं. मग हळूच म्हणाली, "बेन, मला चेकिंगला वेळच उरत नाही, घरी नेते." मला हे माहीत नव्हतं. दहा फुटांवर बसते मी. आता अदलाबदल केलीय. तिच्या शीटचं पहिलं चेकिंग तो करतो, त्याच्या क्लायंटचे फोन ती घेते, आणि फोनचे तास टाइमशीटवर स्वतंत्र मांडायचे. एचआर म्हणालं, असा कोड नाही. म्हटलं, मग काढा. काढला. चार दिवस लागले, त्यातले तीन मंजुरीचे.

मीटिंगचं अडखळतांकडून उचललं. शीट आदल्या दिवशी चारला सगळ्यांना पाठवायच्या, शेरे लिहून मागवायचे, मीटिंगमध्ये फक्त त्या शेऱ्यांवर बोलायचं. पहिल्या वेळी नऊ शेरे आले. पाच चेकरचे. दोन अशा माणसाचे जे मीटिंगमध्ये मोठमोठ्यानं बोलतात आणि ज्यांनी शीट आजवर आधी उघडूनच पाहिली नव्हती, हे त्यांनीच कबूल केलं. एकानं मात्र सरळ सांगितलं की मला लिहायला सुचत नाही, मला बोलता बोलताच सुचतं. त्याच्यासाठी मीटिंगची शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवलीत. आता त्या दहा मिनिटांत चेकर हेडफोन लावून बसतो. निवृत्तकाका, तुम्ही इथे नाही ते बरं, बघवलं नसतं तुम्हाला.

कायदेबाई, समान संधीचं धोरण मागितलं. मिळालं. दुसऱ्या शहराचं नाव नव्हतं, पण कंपनीचं आधीचं नाव होतं, जे बदलून चार वर्षं झाली.

टीम स्पिरिटच्या मेलला शेवटी उत्तर लिहिलं. लिहिलं की तीन मिळवण्यासाठी तू काहीच करायला नको होतंस, चूक माझी होती, पुढच्या वर्षी त्या रकान्यात मी काय बघणार ते हे असं: दुसऱ्याची चूक वेळेत कळवली का, लिहून ठेवलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडलं का. एचआरनं झालेले मार्क बदलायला नकार दिला, वर्ष बंद झालंय म्हणून. तेही त्याला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: "समजलं. पगारवाढीचा फरक पुढच्या वर्षी मिळणार का?" ते एमडींकडे घातलंय. हो म्हणालेले नाहीत.

सोमवारपासून नवरात्र. आज संध्याकाळी त्यानं पुन्हा मेल केला. परिपत्रकात अकराच्या आधी यायचं नाही असं कुठे लिहिलेलं दिसत नाही, तर मी आठला आलो तर चालेल का? तीन तास कोणी नसेल. मी 'चालेल' लिहिलं. लगेच दुसरा मेल: "किल्ली कोणाकडे असते?"

वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय. किल्ली सध्या माझीच देतेय.

मकरपुरा_बी_शिफ्ट | 18 सप्टेंबर, रात्री 11:52

ताई, दुसरी करून घ्या. खंडेराव मार्केटपाशी लगेच कापून देतात.